वडिलांच्या लकव्यासाठी बोबाथ, पीएनएफ की मालिश? एका न्यूरो फिजिओचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही कळेल. वडील ६४ वर्षांचे, अडीच महिन्यांपूर्वी स्ट्रोक, उजवी बाजू गेली. बोलणं अडखळतं, समोरच्याचं समजतं पण लांबलचक सांगितलं की गोंधळतात. घरी रोज एक फिजिओ येतो आणि ४५ मिनिटं हातपाय हलवून जातो. पाय बरा आहे, धरून उभे राहतात, पण हात लोंबतोय आणि तीन आठवड्यांपासून खांदा इतका दुखतोय की रात्री कुशीवर वळता येत नाही. आता चुलत भाऊ म्हणतो बोबाथवाला शोध, ऑफिसमधल्या कोणी पीएनएफ सांगितलं (दोन्ही पेशंटचं अंग हाताने धरून हालचाल परत शिकवायच्या पद्धती), मामा म्हणतात गावाकडचा मालिशवाला नस मोकळी करून देतो, आणि एका रोबोटिक सेंटरने महिन्याला चाळीस हजारांचं पॅकेज सांगितलंय. तुम्ही विचारताय, हाताने करायच्या टेक्निकमध्ये सगळ्यात चांगली कुठली.

मी १९ वर्षं न्यूरोचेच पेशंट बघतेय, पहिली सहा मुंबईत हॉस्पिटलात आणि नंतर नाशिकला घरोघरी जाऊन. बाबांना प्रत्यक्ष बघितलेलं नाही, त्यामुळे स्ट्रोक कुठल्या भागात आणि केवढा, हाताला स्पर्श कळतो का, शुगर-बीपी कसं आहे, यावर बरंच अवलंबून राहील. तेवढं सोडून जे सांगता येतं ते सांगते.

पहिलं म्हणजे नावांच्या मागे पळू नका. ही सगळी नावं जुनी आहेत. बर्टा बोबाथ मूळच्या जर्मनीच्या, लंडनला आलेल्या. १९४३ मध्ये त्यांनी स्ट्रोक झालेल्या एका चित्रकारावर काम केलं आणि त्यांच्या लक्षात आलं की शरीर ठरावीक ठिकाणी धरून ठरावीक पद्धतीने हलवलं की आखडलेला हात सैल पडतो. नवरा कारेल बोबाथ डॉक्टर, त्यांनी त्याला शास्त्राची बैठक द्यायचा प्रयत्न केला. पीएनएफ त्याच दशकातलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियात हर्मन कॅबट नावाचे न्यूरॉलॉजिस्ट आणि मार्गारेट नॉट या फिजिओ, त्यांचे बरेच पेशंट पोलिओचे. (आपल्याकडे केईएमला १९५३ साली देशातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल निघालं तेही मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतरच, त्यामुळे पेशंटच्या अंगाला हात लावून काम करायची सवय आमच्या शिक्षणात पहिल्यापासून आहे.) तेव्हापासून दोन्हींत इतके बदल झालेत की १९७० सालचा बोबाथवाला आणि आजचा बोबाथवाला एका खोलीत बसवले तर भांडतील.

२०१४ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ९६ अभ्यास, दहा हजारांहून जास्त पेशंट एकत्र करून बघितलं की स्ट्रोकनंतर कुठली पद्धत भारी. उत्तर आलं की कुठलीच एक दुसरीपेक्षा सरस नाही. पण फिजिओथेरपीने फायदा नक्की होतो, आणि तो रोज अर्धा ते एक तास, आठवड्याचे पाच ते सात दिवस केलं तर दिसतो. म्हणजे तुमच्याकडे वेळ बरोबर दिला जातोय, त्या ४५ मिनिटांत काय होतंय तेवढाच प्रश्न आहे.

आता स्वतः एक दिवस बाजूला बसून मोजा. ४५ मिनिटांत बाबांनी स्वतः, स्वतःच्या जोरावर, किती हालचाली केल्या? फिजिओने केलेल्या मोजायच्या नाहीत. २००९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अशी ३१२ सेशन्स बसून मोजली होती, हातावर काम झालेल्या सेशनमध्ये कामाच्या हालचाली सरासरी फक्त ३२ निघाल्या, आणि ते परदेशातल्या सुसज्ज सेंटरमध्ये. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकड्यांनी हालचाली कराव्या लागतात. तुमच्याकडे मला वाटतं आकडा शून्याच्या आसपास येईल, कारण तुमच्या वर्णनात सगळीकडे "ते हलवतात" असंच आहे, बाबा काय करतात ते एकदाही आलेलं नाही.

मग हाताने करायचं ते सगळं थोतांड का? अजिबात नाही, माझं पोट त्याच्यावरच चालतं. पण हात कशासाठी लावायचा हे कळलं पाहिजे. तुम्ही विहिरीत पोहायला शिकला असाल तर आठवा, पाठीला डबा बांधून ढकलून द्यायचे. डबा तुम्हाला तरंगवतो पण हातपाय तुम्हीच मारायचे. थोडं जमलं की लहान डबा, मग काका नुसता पोटाखाली हात धरायचे, आणि एक दिवस न सांगता हात काढून घ्यायचे. फिजिओचा हात म्हणजे तो डबा. डबा बांधून काठावर झोपवून कोणी तुमचे हातपाय हलवले असते तर आयुष्यात पोहता आलं नसतं, आणि बऱ्याच घरांत 'व्यायाम' म्हणून हेच चालतं.

बाबांच्या बाबतीत हाताला अजून एक काम आहे. उजवी बाजू गेली म्हणजे स्ट्रोक मेंदूच्या डाव्या बाजूला, भाषा बहुतेकांची तिथेच असते, म्हणून बोलणं अडखळतंय. अशा माणसाला "काका, आता उजव्या पायावर भार देऊन हळूच पुढे झुकून उठायचा प्रयत्न करा बरं" असं सांगणं म्हणजे अंधारात बोट दाखवणं. तिथे माझा हातच वाक्य असतो. एक उदाहरण नीट लिहिते, कारण हे तुमच्याकडे उद्यापासून करता येईल.

बसून उठणं. पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर गुडघ्यापेक्षा कंबर थोडी वर राहील, पलंग बुटका असेल तर दोन सतरंज्या घडी करून खाली घाला. अनवाणी किंवा घट्ट बूट, स्लीपर नको, फरशी कोरडी. दोन्ही टाचा जमिनीला आणि गुडघ्यांच्या जरा मागे, उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं अजून मागे. हे चार बोटांचं महत्त्वाचं, कारण पाय शेजारीशेजारी ठेवले की सगळा भार चांगल्या पायावर जातो आणि लकव्याचा पाय फुकटात सोबत येतो. मी त्यांच्या उजवीकडे बुटक्या स्टुलावर बसते, एक तळवा त्यांच्या उजव्या गुडघ्यावर आणि दुसरा उजव्या कुल्ल्याला बाजूने. ते पुढे वाकायला लागले की गुडघ्यावरचा हात पुढे आणि खाली दाबायचा, नडगीतून टाचेकडे, म्हणजे टाचेला जमीन जाणवते. तोंडाने एकच शब्द, "पुढे". "उठा" म्हणायचं नाही. "उठा" म्हटलं की माणूस मागे रेलून वर जायला बघतो आणि धपकन बसतो. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की ढुंगण आपोआप सुटतं, तेव्हा कुल्ल्यावरचा हात फक्त दिशा दाखवतो, उचलत नाही. उभे राहिल्यावर गुडघा मागच्या बाजूला खटकन लॉक होऊ द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा झालं तरी खूप. मग गुडघ्यावरचा हात हलका, मग एकच बोट, मग नुसता हात जवळ. मोजायला मी पेशंटच्या घरातल्या आजींना एका वाटीत तीस चिंचोके द्यायला सांगते, एकदा उठलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत, दिवसभरात वाटी रिकामी झाली पाहिजे. तुमची आई हे करेल, पण सुरुवातीला दुसरं कोणीतरी मागे उभं पाहिजे, आणि बीपी वर असेल किंवा चक्कर येत असेल तर त्या दिवशी नाही.

आता खांदा, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटतेय. हात वर जाताना फक्त खांद्याचा सांधा फिरत नाही, पाठीवरचा फरा, ते त्रिकोणी पातं, तोही फिरतो. पूर्ण वर नेला तर १८० अंशांतले साधारण १२० सांध्यात आणि ६० फऱ्यात. लकव्यात फऱ्याला फिरवणारे स्नायू झोपलेले असतात, आणि खांदा खोबणीत धरून ठेवणारेही. अशा वेळी कोणी मनगट धरून हात सरळ डोक्याकडे नेला की वरच्या हाडाखाली मांस चिमटतं. रोज दहा वेळा, तीन आठवडे. दुखणार नाही तर काय होईल.

हे मी दुसऱ्यांना शिकवतेय असं समजू नका, मी स्वतः केलंय. दुसऱ्या वर्षी मी एका काकांना दाराला पुली लावून दिली होती, चांगल्या हाताने दोरी ओढून लकव्याचा हात वर न्यायचा. ते बिचारे जिद्दीचे, मी सांगितले वीस तर ते साठ करायचे. दीड महिन्यात खांदा इतका सुजला-दुखला की शर्ट घालताना रडायचे, आणि तो सुधारायला सात-आठ महिने गेले. नंतर वाचलं की १९९० सालीच एका अभ्यासात पुली वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा खांदा दुखायला लागला होता, फिजिओने नीट हाताने हलवलेल्यांत फक्त ८ टक्के. छोटा अभ्यास, २८च पेशंट, पण मला त्या काकांचा चेहरा पुरेसा होता. तुमच्या घरी पुली असेल तर आजच काढा.

आणि एक गोष्ट विचारते, बाबांना पलंगावरून उठवताना कोण काय धरतं? दहातल्या आठ घरांत उत्तर येतं की बखोट्याला धरून किंवा हाताला धरून ओढतो. लकव्याच्या हाताला धरून ओढणं आजपासून बंद. कमरेला जुना रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेला पंचा, धरायचं ते तिथे. अंघोळीला नेणारा माणूस, रात्रीचा वॉर्डबॉय, भेटायला येऊन प्रेमाने हात ओढणारे पाहुणे, सगळ्यांना हे सांगा, पलंगाच्या वर कागद चिकटवला तरी चालेल.

फिजिओने खांद्यासाठी काय करावं तेही सांगते. बाबांना डाव्या कुशीवर झोपवायचं, उजवा हात पुढे जाड उशीवर. फिजिओचा हात फऱ्यावर, पूर्ण तळवा, बोटं रुतवायची नाहीत. मग फरा तिरका वर-पुढे नाकाच्या दिशेने आणि परत खाली-मागे पँटच्या मागच्या खिशाकडे. हे पीएनएफमधलंच आहे. पहिल्या चार-पाच वेळा फिजिओ करतो आणि त्याच लयीत "वर... खाली..." म्हणतो. मग "आता मला मदत करा". मग हलकासा विरोध, इतका हलका की हालचाल थांबता कामा नये. माझा अनुभव असा की ज्यांचा हात मेल्यासारखा लोंबतोय त्यांच्यातही फऱ्यात काहीतरी हलतं, आणि ते बोटाला जाणवतं डोळ्यांना दिसायच्या आधी. हे मशीन सांगत नाही. फरा मोकळा झाल्यावरच हात वर, तोही अंगठा छताकडे ठेवून, दुखायच्या आत, सध्या खांद्याच्या पातळीच्या वर नाहीच. तीन आठवड्यांचं रात्रीचं दुखणं आहे तर एकदा डॉक्टरांनाही दाखवा, कधी सांधा आखडलेला असतो, कधी हात-मनगट सुजून लाल होणारा वेगळाच प्रकार असतो, त्याला औषध लागतं.

आखडण्याबद्दल. कोपर आणि बोटं घट्ट मिटतात असं तुम्ही लिहिलंय. हा ताठरपणा वेगावर चालतो. गाडीचा सीटबेल्ट झटक्याने ओढला की अडकतो, हळू ओढला की येतो, तसंच. म्हणून जो कोणी खटाखट हात ताणतोय त्याला थांबवा. बोटं उघडायची तर आधी मनगट खाली वाकवा, बोटं सैल पडतील, मग अंगठा त्याच्या बुडापासून बाहेर, मग बाकीची बोटं, आणि शेवटी मनगट हळूहळू वर. बोटांची टोकं धरून उपसू नका. पण हेही खरं सांगते की नुसत्या ताणण्याने सांधा मोकळा राहतो या आमच्या जुन्या समजुतीला अभ्यासांनी फारसा आधार दिलेला नाही, २०१७ च्या कॉक्रेनच्या आढाव्यात फरक जवळपास नगण्य निघाला. मी तरी रोज पाच-दहा मिनिटं करते, तळहात धुता यावा, नखं रुतू नयेत, काखेत घाम साचू नये म्हणून. ४५ पैकी ४० मिनिटं त्यात घालवणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

मुठीत दाबायला दिलेला तो पिवळा स्माइली बॉलही काढून ठेवा. मिटायला बोटं तयारच असतात, उघडायला तयार नसतात. दाबायचा सराव देऊन काय मिळणार?

आता हात येईल का. गोड बोलत नाही. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात स्ट्रोकनंतर दुसऱ्याच दिवशी ज्यांची बोटं थोडी उघडत होती आणि खांदा बाजूला हलत होता त्यांच्यातल्या ९८ टक्क्यांचा हात सहा महिन्यांनी काही ना काही कामाला आला, आणि ज्यांना दोन्ही जमत नव्हतं त्यांच्यातल्या साधारण २५ टक्क्यांचा. अडीच महिन्यांनी बोटात काहीच नसेल तर बारीक कामाला हात यायची आशा कमी आहे, शून्य नाही. म्हणून आधी नीट शोधा. हात टेबलावर आडवा, करंगळी खाली, म्हणजे वजन नाही, आणि बोटं उघडायला सांगा, सकाळी, ताजे असताना. अगदी फडफड झाली तरी मला हवी आहे. मनगट आणि बोटं दहा-दहा अंश जरी वर येत असतील तर चांगल्या हाताला मिटन (बोटं वापरता येऊ नयेत असा जाड हातमोजा) घालून लकव्याच्या हातालाच कामाला लावायची पद्धत असते, २००६ साली अमेरिकेत २२२ जणांवर तिची मोठी चाचणी झाली आणि फायदा दिसला. त्यात फिजिओचा हात जवळजवळ लागतच नाही! काहीच हलत नसेल तर आरसा लावून सराव (चांगल्या हाताची हालचाल आरशात बघत), स्नायूला करंटने जागं करणं, आणि फऱ्याचं वर सांगितलेलं काम.

रोबोटबद्दल थोडक्यात. मशीन वाईट नाही, न थकता हजार वेळा हात फिरवतं. पण ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर चाचणी झाली, २०१९ मध्ये छापली, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात फार वेगळं काही निघालं नाही. घरात पैसा मुबलक असेल आणि बाबांना आवडत असेल तर करा. कर्ज काढून किंवा आईच्या एफडीतून करणार असाल तर माझं मत आहे, करू नका. त्या पैशांत चांगला फिजिओ आणि बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट दोन्ही बसतात, आणि स्पीचचं तुमच्या प्रश्नात नावच नाहीये, ते आधी सुरू करा.

मामांना दुखवू नका. हलक्या हाताने कोमट तेल लावलं तर बाबांना बरं वाटेल, कातडी चांगली राहील, कोणीतरी प्रेमाने हात लावला याचंही समाधान असतं. पण नस मोकळी करणं वगैरे होत नाही, बिघाड मेंदूत आहे, दंडात नाही. खांदा जोर लावून फिरवू द्यायचा नाही. शेकायची पिशवी लकव्याच्या बाजूला नको, चटका बसलेला कळत नाही, मी फोडांवर फोड आलेले पाय बघितलेत. आणि पोटरी एका बाजूची सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला तेल-मालिश-व्यायाम काहीही नाही, सरळ डॉक्टर, आत रक्ताची गाठ असू शकते.

राहिला तुमचा सध्याचा फिजिओ. त्याला लगेच काढू नका. दिवसाला दहा घरं करणारा मुलगा असेल, आणि घरच्यांनाच "हातपाय हलवून द्या" एवढंच हवं असतं म्हणून तो तेवढंच करत असेल. माझ्याकडेही पेशंट स्वतः करायला लागला की घरचे म्हणतात, मॅडम, तुम्ही तर आज काहीच केलं नाही. त्याला सांगा की आम्हाला बाबांनी केलेल्या हालचाली मोजायच्यात, आणि आईला शिकवा. तो खूश झाला तर तुमचं नशीब, टाळाटाळ केली तर दुसरा बघा. दुसरा बघताना बोबाथचं सर्टिफिकेट आहे का हे विचारू नका (माझ्याकडे आहे, भरपूर पैसे घालून केलंय, डोळे आणि हात तयार झाले, पण कोर्स करूनही नुसते हातपाय हलवणारे मी बघितलेत). पहिल्या दिवशी तो बाबांना उठून बसायला सांगून लांबून बघतो की आल्या आल्या पाय धरून हलवायला लागतो, तेवढं बघा.

आज रात्री एक करा. बाबांना आधार देऊन बसवा, उजवा हात मोकळा लोंबू द्या आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली तुमचं बोट हळूच ठेवा. तिथे खाच लागते का, आणि एक बोट बसतं की दोन, ते इथेच लिहा, म्हणजे खांदा खोबणीतून किती खाली उतरलाय ते कळेल. त्यावरून झोपताना उशी कशी लावायची आणि चालताना हाताला पट्टा हवा की नको ते सांगते, कारण सरसकट गळ्यातली झोळी मी कोणालाच देत नाही.